शेरा

गिरणीच्या बागेत शिरायला आता पास लागत नाही.
फाटक एका बिजागरीवर लटकलंय,
चौथी ब ची एकतीस पोरं त्यातून
पोत्यातून सरकी ओतावी तशी आत सांडतात.

दर गुरुवारी, शेवटच्या दोन तासिका.
परवानगीच्या कागदावर मुख्याध्यापकांची एकच ओळ :
सापांची जबाबदारी वर्गशिक्षिकेची.

साप माझ्याकडे. बाकी सगळं पोरांकडे.
बॉयलरचं पाणी जिथे निवायचं
त्या हौदातले बेडूक हितांशूकडे.
साचेखात्याचं छप्पर गेलं, तिथे उगवलेल्या
अकरा कडुनिंबांची उंची तेजलकडे, पंधरवड्याला एकदा.
साहेबाच्या बंगल्यापुढच्या गुलाबांच्या वाफ्यात
आम्ही मेथी लावली, ती शेळ्यांनी तपासली.
आणि रुईच्या गोदामाच्या उंबऱ्याशी
फरशीच्या फटीतून वर आलेलं एकुलतं कपाशीचं झाड,
न पेरलेलं, न फवारलेलं,
अल्फिया तडवीनं स्वतःच्या नावावर करून घेतलंय.
"मॅडम, हाई झाड कोनं शे?" तिनं आधी रीतसर विचारलं होतं.
ही जागा कोणाची, ते कोर्टालाही सांगता आलेलं नाही.
मी म्हटलं, तुझं.

आजचा पाठ : चिमणीची उंची.
(जिभाऊची शंका, नेहमीसारखी सगळ्यात आधी :
चिमणीवर चिमणी का नाही, पोपटच का?
फळ्यावर कोपऱ्यात लिहू. पुढच्या गुरुवारी.)

एक मीटरची काठी रोवली.
पौषातलं ऊन, पावणेचार,
काठीची सावली बरोब्बर दोन मीटर.
म्हणजे चिमणीच्या सावलीचं निम्मं केलं की झालं.
टेप धरून पोरं काळ्या पट्ट्याच्या कडेनं निघाली,
गवतातून, हौदाच्या काठानं, कण्हेरीखालून वाकून.
बावन्न मीटरवर कुंपणाची भिंत आली
आणि सावली भिंतीवर चढून पलीकडे उतरली.

अंदाजे धरा, मी म्हणणार होते.
तोवर निम्मा वर्ग भगदाडातून चाळीत.

पलीकडे आणखी वीस मीटर,
दोन नळ, एक वाळत घातलेली गोधडी,
मग धुडकू आप्पांची खाट.
तिच्या पायाशी सावलीचं टोक.

जिभाऊनं खडूनं खूण केली.
आप्पा म्हणाले, रोज येते ही.
थंडीत भोंग्याच्या आधी हीच उठवायची मला,
दुसरी पाळी असली की.
बत्तीस वर्षं रिंगखात्यात.
आणि बाग, आप्पा?
बाग पाहिली ना. एकदाच. वरून.

वरून म्हणजे चिमणीवरून.
विजेचा दांडा बसवायला चढले होते, गिरणी बंद ठेवून.
लाल गुलाब दिसले, माळी पाणी घालताना दिसला.
ओळखीचा माळी. वरून हाक मारली, हात केला.
त्यानं झारी दुसऱ्या हातात घेतली फक्त.

छत्तीस मीटर, तेजलनं जाहीर केलं.
आप्पांनी मान हलवली.
लोखंडी पायऱ्या एकशे तीस, फुटाफुटावर एक.
चढताना मोजल्या. उतरताना पुन्हा.
तेजलनं तळहातावर गुणाकार केला :
एकोणचाळीस मीटर, वर बासष्ट सेंटिमीटर.
"आप्पा, तुमनं चुकनं."
"तुम्ही सावली मोजी, पोरी. मी चिमनी मोजी."

साडेतीन मीटरचं भांडण.
एकतीस तोंडं माझ्याकडे वळली,
मी पाण्याची बाटली उघडली.

वहीतल्या तक्त्याला शेवटी एक रकाना असतो, शेरा.
तो कुणी भरत नाही.
आज अल्फियानं भरला, बारीक अक्षरात, समासाबाहेर जाईस्तोवर :
आप्पा १३० म्हणतात. आमची काठी वाकडी असेल.
किंवा वरून काहीतरी पडलं असेल.
मॅडम पायऱ्या मोजायला चढू देत नाहीत.

धुळ्याच्या पॅसेंजरची शिटी झाली, दप्तरं गोळा झाली.
भगदाडाशी पोरं मोजून घेताना मागे पाहिलं :
खडूची खूण उन्हात पडली होती.
सावली आप्पांच्या दारातून आत गेली होती.